एनबीएचा मोफत स्टॅट्स विभाग: हुकमी खेळाडू गेल्यावरचा संघ त्यात कितपत दिसतो?

एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तिच्या एनबीए डॉट कॉम या साइटवरच्या स्टॅट्स (आकडेवारी) विभागाला पैसे पडत नाहीत, तक्ते पाहायला लॉगिन लागत नाही आणि बरेचसे प्रगत आकडे १९९६-९७ च्या हंगामापासून मिळतात. कॅमेऱ्यांनी टिपलेले ट्रॅकिंगचे आकडे २०१३-१४ पासून आहेत. इतकं सगळं फुकटात मिळत असताना नावं ठेवणं जिवावर येतं, पण ठेवायला जागा आहे. इथे हा विभाग एकाच प्रश्नासाठी तपासला आहे: हुकमी खेळाडू जायबंदी झाला किंवा दुसऱ्या संघात गेला, तर उरलेला संघ कसा खेळतो, हे यातून नेमकं काढता येतं का? येतं. पण ज्या पानावर हे उत्तर मिळेल असं त्याच्या नावावरून वाटतं, ते पान भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतं.

चाचणीसाठी मुख्य उदाहरण घेतलंय २०१८-१९ च्या इंडियाना पेसर्सचं. व्हिक्टर ओलाडिपो हा त्यांचा पहिला पर्याय, सामन्याला १८.८ गुण आणि ५.२ असिस्टची (ज्यावर बास्केट झाली असे पास) सरासरी. २३ जानेवारी २०१९ ला टोरोंटोविरुद्ध दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्याच्या उजव्या गुडघ्याजवळचा क्वाड्रिसेप्सचा स्नायुबंध तुटला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. हाच संघ त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सॅक्रामेंटो किंग्जबरोबर दोन प्री-सीझन सामने खेळायला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये आला होता. मुंबईकरांनी पेसर्स पाहिले ते ओलाडिपोशिवायच. त्यामुळे मराठी वाचकाला हा संघ अगदीच परका नाही.

आता ते फसवं पान. संघाच्या पानावर 'ऑन/ऑफ कोर्ट' नावाचा टॅब आहे. अमुक खेळाडू मैदानावर असताना संघाचं आक्रमण आणि बचाव कसा होता आणि तो बेंचवर असताना कसा होता, हे तिथे दिसतं. बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात आणि इथेच थांबतात. पण त्यातला 'ऑफ' म्हणजे खेळाडू संघात असताना बेंचवर बसलेला वेळ. ओलाडिपो सामन्याला सरासरी ३१.९ मिनिटं खेळायचा. उरलेली सोळाएक मिनिटं बहुतेक दुसऱ्या आणि चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला यायची, तेव्हा समोरच्या संघाचेही राखीव खेळाडू मैदानात असायचे. पेसर्सच्या बेंचवर तर दोमांतास सबोनिस होता, १४.१ गुण आणि ९.३ रिबाउंडवाला (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं म्हणजे रिबाउंड). अशा मिनिटांत संघ चांगला दिसणारच. ओलाडिपो कायमचा बाहेर गेला, की तीच राखीव मंडळी समोरच्या पहिल्या पाचांविरुद्ध, समोरच्या सगळ्यात तगड्या बचावपटूसमोर, जास्त वेळ खेळतात. 'ऑफ'चा आकडा त्या परिस्थितीबद्दल चकार शब्द काढत नाही. हा टॅब प्रशिक्षकाने खेळाडूंच्या पाळ्या कशा लावल्या हे पाहायला उत्तम आहे. दुखापतीनंतरचं भाकीत त्यावरून करू नये.

खरं उत्तर तारखांच्या फिल्टरमध्ये आहे. 'टीम्स' विभागात 'ॲडव्हान्स्ड' तक्ता उघडा, हंगाम निवडा, मग 'ॲडव्हान्स्ड फिल्टर्स' उघडून 'डेट फ्रॉम' आणि 'डेट टू' भरा. इथे आपल्याकडच्या वाचकाची दोन ठिकाणी गल्लत होते. एक, तारीख अमेरिकी पद्धतीची आहे, महिना आधी आणि दिवस नंतर. दोन, साइटवरची तारीख अमेरिकेतली असते. आपण जो सामना २४ जानेवारीला पहाटे पाहतो, तो तिथे २३ जानेवारीचा. आपल्या वर्तमानपत्रातली तारीख जशीच्या तशी भरली तर एखादा सामना चुकीच्या बाजूला जातो, आणि दहा-अकरा सामन्यांच्या तुकड्यात तेवढ्यानेही चित्र हलतं. फिल्टर भरून झाल्यावर निकाल आणण्याचं बटण दाबावं लागतं, नाहीतर समोर जुनाच तक्ता राहतो आणि लक्षातही येत नाही.

'डेट फ्रॉम'मध्ये २४ जानेवारी २०१९ घातलं की पेसर्सचे उरलेले ३५ सामने वेगळे होतात: १६ विजय, १९ पराभव. त्याआधीचे ४७ सामने ३२-१५. आकडा पुरेसा बोलका वाटतो, पण त्या ४७ मध्येही ओलाडिपो ११ सामने नव्हता. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत गुडघा दुखत असल्याने तो बाहेर होता आणि त्या काळात संघ ७-४ खेळला. म्हणजे त्याच्यासह २५-११, पहिल्या गैरहजेरीत ७-४, दुसऱ्या गैरहजेरीत १६-१९. हे ८२ सामन्यांच्या मापात धरलं तर अनुक्रमे ५७, ५२ आणि ३७ ते ३८ विजय होतात.

डिसेंबरात हा संघ पाहणाऱ्याला ओलाडिपो नसला तरी फारसं बिघडत नाही असं वाटलं असतं, आणि ते चुकलं असतं. असं का होतं? अकरा सामने हा फार लहान तुकडा आहे, हे एक कारण. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. गैरहजेरी तात्पुरती असते तेव्हा समोरचे संघ त्यासाठी खास तयारी करत नाहीत. ती हंगामभराची झाली की प्रत्येक संघ नवा पहिला पर्याय कोण हे हेरतो आणि त्याच्यावर दोन माणसं पाठवायला लागतो. मुख्य खेळाडूविना खेळलेल्या पहिल्या दहा-बारा सामन्यांवर निष्कर्ष काढू नका. टोरोंटो, मेम्फिस यांची उदाहरणं पुढे येतील, तिथेही हेच जपावं लागतं.

साइटची एक उणीव इथे बोचते. 'अमुक खेळाडू न खेळलेले सामने' असा फिल्टर या तक्त्यांत नाही. तारखा हाताने काढाव्या लागतात. खेळाडूच्या पानावर त्याची सामनानिहाय यादी उघडायची, संघाची यादी शेजारी ठेवायची आणि खेळाडूच्या यादीत जे सामने नाहीत ते टिपायचे. सलग गैरहजेरी असेल तर पाच मिनिटांचं काम. पण आज आराम, उद्या खेळला, परवा पुन्हा आराम असा प्रकार असेल तर तारखांचा फिल्टर थिटा पडतो आणि एकेक सामना वहीत उतरवावा लागतो. खेळाडू ज्या सामन्यात जखमी झाला तो सामना त्याने 'खेळलेला' धरला जातो, हेही विसरू नका. टोरोंटोविरुद्धचा तो सामना पेसर्सनी जिंकला. ओलाडिपोच्या २५ विजयांत तो मोजला आहे, जरी दुसऱ्या अर्ध्यात तो मैदानावर नव्हताच.

तारखांऐवजी 'पोस्ट ऑल-स्टार' (फेब्रुवारीतल्या ऑल-स्टार सामन्याच्या सुट्टीनंतरचे सामने) हा तयार पर्याय निवडायचा मोह होतो. तोही टाळावा. दुखापतीनंतर पेसर्स आधी सलग चार सामने हरले, मग सलग सहा जिंकले, मग एक हरले आणि ३८-२० वर ऑल-स्टारच्या सुट्टीला गेले. सुट्टीनंतर १०-१४. नुसता हा शेवटचा तुकडा पाहिला तर मधली सावरण्याची धडपड दिसतच नाही, फक्त घसरण दिसते.

त्या सहा विजयांतला एक सामना तर वेगळा काढावाच लागतो. ५ फेब्रुवारीला पेसर्सनी लेकर्सना १३६-९४ असं हरवलं, ४२ गुणांनी. पस्तीस सामन्यांच्या तुकड्यात एकटा हा सामना सरासरी गुणफरक १.२ ने वर नेतो. एनबीएच्या मापात हा फरक लहान नाही. साइटवर एखादा सामना वगळता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे दोन खिडक्या करायच्या: २४ जानेवारी ते ४ फेब्रुवारी आणि ६ फेब्रुवारीपासून अखेरपर्यंत. पहिलीत सहा सामने येतात, २-४. दुसरीत अठ्ठावीस, १३-१५. दोन्हींचे आकडे स्प्रेडशीटमध्ये सामन्यांच्या संख्येने गुणून एकत्र करायचे. याच कारणाने 'नेट रेटिंग' (दर १०० पझेशन्समागचा गुणफरक; पझेशन म्हणजे चेंडू संघाच्या ताब्यात आल्यापासून जाईपर्यंतची एक खेळी) पाहताना शेजारचा जय-पराजयाचा रकाना झाकू नये. एकतर्फी झालेल्या सामन्यांतली शेवटची मिनिटं, जेव्हा दोन्हीकडचे बाराव्या नंबरचे खेळाडू उतरतात, तीही या साइटवर सरसकट मोजली जातात.

इथवर फक्त 'किती फरक पडला' हे कळलं. 'कुठे पडला' हे शोधायला या विभागात खरी मजा आहे.

आधी मिनिटं. एका सामन्यात संघाकडे ४८ गुणिले ५, म्हणजे २४० खेळाडू-मिनिटं असतात. बत्तीस मिनिटं मोकळी झाली की ती कोणाला गेली? 'प्लेअर्स' तक्त्यात संघ आणि तारखा लावून दोन्ही काळांतली मिनिटं शेजारी ठेवा. चांगला प्रशिक्षक सहसा सगळी मिनिटं एकाला देत नाही. चार-पाच जणांत वाटतो आणि मुख्य राखीव खेळाडूला बेंचवरच ठेवतो, म्हणजे दुसरी फळी मोडत नाही. पेसर्सनी फेब्रुवारीत वेस्ली मॅथ्यूजला घेतलं आणि थेट पहिल्या पाचांत घातलं. त्यामागचा हिशेब हाच होता. आक्रमणातली ओलाडिपोची जागा तो भरू शकत नव्हता. पण समोरच्या मुख्य गार्डला (चेंडू हाताळणाऱ्या खेळाडूला) धरणारा माणूस मिळाला आणि सबोनिस बेंचवर जागेवर राहिला. त्या हंगामात पेसर्सचा बचाव लीगमधल्या सर्वोत्तम बचावांपैकी होता. खेळाडू गमावलेला संघ आधी बचाव वाचवतो, कारण तो पाठांतराने आणि शिस्तीने टिकवता येतो. आक्रमणात शून्यातून बास्केट काढणारा माणूस बाजारात फेब्रुवारीत मिळत नाही.

मग 'यूसेज'. खेळाडू मैदानावर असताना संघाच्या किती टक्के पझेशन्स त्याच्या शॉटने, फ्री थ्रोने (फाउलमुळे मिळालेल्या मोकळ्या शॉटने) किंवा टर्नओव्हरने (शॉट न घेताच चेंडू गमावून) संपल्या, हे हा आकडा सांगतो. गणित असं: खेळाडूचे शॉट अधिक ०.४४ गुणिले फ्री थ्रो अधिक टर्नओव्हर, याला संघाच्या त्याच बेरजेने भागायचं, खेळाडूच्या मिनिटांचं प्रमाण धरून. मैदानावरच्या पाच जणांचा यूसेज मिळून शंभर होतो, म्हणजे सरासरी वीस. अठ्ठावीसवाला गेला आणि त्याच्या जागी सोळावाला आला, तर बारा टक्के उरलेल्या चौघांत जायलाच हवेत. ते कुठे गेले ते पाहा, आणि ज्याच्याकडे गेले त्याचा 'ट्रू शूटिंग' (तीन गुणांचे शॉट आणि फ्री थ्रो धरून काढलेली अचूकता) किती घसरला तेही पाहा. यूसेज वाढल्यावर अचूकता थोडी उतरणं स्वाभाविक आहे. प्रश्न किती उतरली याचा आहे. पेसर्समध्ये हा भार प्रामुख्याने बोयान बोगदानोविचने उचलला; आधीच्या हंगामातल्या १४.३ वरून तो १८.० गुणांवर गेला आणि तीन गुणांचे शॉट ४२.५ टक्के टाकले. म्हणजे माणूस तयार होता. तरी संघ १६-१९ का खेळला?

याचं उत्तर 'शॉट डॅशबोर्ड'मध्ये शोधावं. हा या विभागातला सगळ्यात कमी वापरला जाणारा आणि या प्रश्नासाठी सगळ्यात उपयोगी भाग. त्यात दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, शॉट क्लॉक, म्हणजे शॉट घ्यायची २४ सेकंदांची मुदत. साइट पझेशनचे तुकडे पाडते; शेवटचे दोन आहेत ७ ते ४ सेकंद आणि ४ ते ० सेकंद. मुख्य खेळाडू गेल्यावर या दोन तुकड्यांत पडणाऱ्या शॉटचं प्रमाण वाढलं, तर समजा की संघ चेंडू फिरवतोय पण कोणी बचाव फोडत नाहीये. दुसरी, जवळचा बचावपटू. शॉट घेताना तो किती फुटांवर होता यावरून ०-२, २-४, ४-६ आणि ६ हून जास्त असे चार गट आहेत. शेवटचा गट म्हणजे पूर्ण मोकळा शॉट, १.८ मीटरहून जास्त जागा. ज्याच्यावर दोघं धावून जातात तो खेळाडू गेला की बाकीच्यांचे हे मोकळे शॉट आटतात. गुणतक्त्यात मात्र 'रोल प्लेअर्सचा (सहायक खेळाडूंचा) हात बसला नाही' एवढंच दिसतं. हात तोच असतो, समोरची जागा गेलेली असते. दोन्ही ठिकाणी तारखांचा फिल्टर चालतो. टक्केवारीपेक्षा आधी 'फ्रिक्वेन्सी'चा रकाना वाचा. पस्तीस सामन्यांत तीन गुणांच्या शॉटची टक्केवारी नशिबानेही हलू शकते, शॉटचं वाटप इतकं सहज हलत नाही.

'ट्रॅकिंग'मधला 'टचेस'चा तक्ताही बघण्यासारखा आहे. चेंडू कोणाच्या हातात किती वेळ राहिला, एका टचला सरासरी किती ड्रिबल, हे त्यात मिळतं. चेंडू वर आणण्याचं काम मुख्य पॉइंट गार्डकडून दोघा-तिघांत वाटलं गेलं, की फोर फॅक्टर्समधलं (शॉटची अचूकता, टर्नओव्हर, आक्रमक रिबाउंड आणि फ्री थ्रो यांचा तक्ता) टर्नओव्हरचं प्रमाण कसं हलतंय ते लगेच तपासावं. तिथे बिघाड झाला नसेल तर फ्री थ्रोचं प्रमाण पाहावं. बचाव फोडत आत घुसणारा माणूस गेला की फाउल मिळणं कमी होतं, आणि फ्री थ्रो थांबले की समोरच्या संघाला धावत येऊन आक्रमण करायला मोकळीक मिळते. म्हणजे आक्रमणातली जखम बचावाच्या आकड्यात दिसायला लागते. फक्त बचावाचा तक्ता पाहणारा बिचाऱ्या सेंटरला दोष देतो.

'लाइनअप्स' हे पान सगळ्यांना आवडतं आणि सगळ्यात जास्त चुकीचं वाचलं जातं. पाच जणांचे संच उघडले तर बहुतेक संच शंभर मिनिटंही एकत्र खेळलेले नसतात. वीस मिनिटं खेळलेल्या संचाचं 'दर १०० पझेशन्समागे अधिक २५' हे काही कामाचं नाही. पर-मोडमध्ये (आकडे एकूण हवेत की सामन्यामागे, हे निवडायचा पर्याय) आधी 'टोटल्स' ठेवा, मिनिटांच्या रकान्यावरून उतरता क्रम लावा, वरचे चार-पाच संच पाहा आणि बाकीचे सोडून द्या. दुखापतीनंतरच्या लहान काळासाठी तर पाचऐवजी दोन जणांचे संच निवडावेत. दोन जणांच्या जोड्यांना पुरेशी मिनिटं मिळतात आणि प्रशिक्षकाला खरा प्रश्नही तोच असतो: नवा चेंडू हाताळणारा आणि आपला सेंटर एकत्र चालतात का?

प्लेऑफ्समध्ये, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, काय झालं ते क्वार्टरचा फिल्टर लावून पाहा. पहिल्या फेरीत बॉस्टनविरुद्ध पेसर्स ०-४ ने हरले. पहिल्या सामन्यात तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्यांना फक्त ८ गुण करता आले. अंतिम धावफलक ७४-८४. दुसऱ्या सामन्यात तीन क्वार्टरनंतर ते ७९-६८ असे पुढे होते आणि चौथ्यात १२ गुण करून ९१-९९ ने हरले. दोन्हीकडे ऐन मोक्याच्या वेळी आक्रमण आटलेलं. नियमित हंगामात हे झाकलं जातं, कारण रोज नवा प्रतिस्पर्धी असतो. सात सामन्यांच्या मालिकेत समोरचा प्रशिक्षक तीच तीच रचना पाहून एकेक दार बंद करत जातो. 'क्लच'चा तक्ता याची पूर्वसूचना देऊ शकतो. शेवटच्या पाच मिनिटांत पाच गुणांच्या आतला फरक, अशी त्याची व्याख्या आहे. फक्त एकूण क्लच मिनिटं किती आहेत ते पाहूनच विश्वास ठेवा.

आता टोरोंटो, कारण तिथे साइटचा दुसरा पैलू दिसतो. २०१९ चं विजेतेपद जिंकून त्यांचा हुकमी खेळाडू कवाय लिओनार्ड त्याच उन्हाळ्यात निघून गेला. पुढच्या हंगामात संघ कोसळेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात टोरोंटो रॅप्टर्स ५३-१९ खेळले, म्हणजे आदल्या वर्षीच्या ५८-२४ पेक्षा टक्केवारीत वरचढ. मधे सलग १५ विजयांचा पल्लाही मारला. याची चाहूल आधीच होती: विजेतेपदाच्या हंगामात लिओनार्ड २२ सामने बसला होता आणि त्यांत संघ १७-५ होता. पेसर्सच्या ७-४ ने फसवलं, टोरोंटोच्या १७-५ ने फसवलं नाही. फरक एवढाच की टोरोंटोची गैरहजेरी हंगामभर पसरलेली होती. लिओनार्डशिवायची रचना वर्षभर तालमीत होती, आणि बावीस सामने हा अकराच्या दुप्पट तुकडा आहे.

खेळाडू दोन हंगामांच्या मध्ये गेला असेल तर 'प्ले टाइप' (आक्रमण कोणत्या प्रकाराने झालं ते सांगणारे) तक्ते वापरता येतात. आयसोलेशन, पिक अँड रोल, पोस्ट अप, स्पॉट अप, ट्रान्झिशन असे अकरा प्रकार, प्रत्येकाचं प्रमाण आणि दर पझेशनमागे गुण. रॅप्टर्सच्या पास्कल सियाकमचा २०१८-१९ आणि २०१९-२०चा तक्ता शेजारी ठेवा. गुण १६.९ वरून २२.९ झाले, पण शॉटची टक्केवारी ५४.९ वरून ४५.३ वर आली. आधी दुसऱ्यांनी तयार करून दिलेले शॉट त्याला मिळायचे. आता स्वतः तयार करावे लागत होते. संघाने ही तूट बचावाने आणि धावत्या आक्रमणाने भरून काढली. संघाच्या 'मिसलेनिअस' तक्त्यात फास्ट ब्रेकचे गुण आणि समोरच्यांच्या टर्नओव्हरवर मिळालेले गुण पाहिले की हे उमगतं. प्लेऑफ्समध्ये खेळ संथ होतो, फुकटचे गुण कमी होतात आणि अर्ध्या मैदानावरचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. दुसऱ्या फेरीत बॉस्टनने त्यांना सातव्या सामन्यात ९२-८७ ने बाहेर काढलं.

मात्र प्ले टाइपला तारखांचा फिल्टरच नाही. हंगामाच्या मध्यात झालेल्या दुखापतीसाठी हे तक्ते निरुपयोगी, पेसर्ससाठी ते उघडूच नका. ही या विभागाची सगळ्यात मोठी त्रुटी म्हणता येईल, कारण नेमक्या याच प्रश्नाला तो आकडा सगळ्यात जास्त हवा असतो. आणखी एक खाचखळगा: २०१९-२० चा हंगाम ११ मार्चला थांबला आणि जुलैअखेर ऑरलँडोत एकाच संकुलात पुन्हा सुरू झाला. त्या सामन्यांना 'होम' आणि 'अवे' हे नावापुरतंच. त्या वर्षासाठी स्थळाचा फिल्टर लावायचा तर तारखा मार्चपर्यंतच ठेवा.

मेम्फिसचं उदाहरण उलट्या टोकाचं म्हणून लक्षात ठेवावं. २०२१-२२ मध्ये मुख्य गार्ड जा मोरँटशिवाय ते २०-५ खेळले. प्लेऑफ्सच्या दुसऱ्या फेरीत तो जखमी झाल्यावर पाचव्या सामन्यात त्यांनी गोल्डन स्टेटला ३९ गुणांनी धुतलं, आणि पुढचा सामना हरून मालिका २-४ ने गमावली. एकाच आठवड्यातले हे दोन सामने 'लास्ट एन गेम्स' (शेवटचे अमुक इतके सामने) फिल्टरमध्ये दोन टाकून पाहिले तर संघ अफाट दिसेल.

सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे एकाच वेळी दोघं जाणं, आणि तो पुन्हा पेसर्सच्याच वाट्याला आला. २२ जून २०२५ ला अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात त्यांचा मुख्य गार्ड टायरीस हॅलिबर्टनचा अकिलिस स्नायुबंध तुटला. त्यानंतर सेंटर माइल्स टर्नर मिलवॉकीला गेला. नव्या हंगामाच्या सुरुवातीला इतर गार्डही जायबंदी झाले आणि पहिल्या १४ पैकी १३ सामने संघ हरला. यात हॅलिबर्टनचा वाटा किती, टर्नरचा किती? तारखांचा फिल्टर हे सोडवू शकत नाही. दोघंही एकाच दिवसापासून नाहीत. इथे मागच्या हंगामात जावं लागतं: हॅलिबर्टन बाहेर आणि टर्नर मैदानात, टर्नर बाहेर आणि हॅलिबर्टन मैदानात, दोघंही बाहेर, अशी मिनिटं वेगळी काढायची. एनबीएच्या साइटवर दोन खेळाडूंचं असं गणित थेट होत नाही. त्यासाठी पीबीपी स्टॅट्स ही दुसरी मोफत साइट वापरा. तिथल्या 'वॉवी' नावाच्या साधनात कोण मैदानात आणि कोण बाहेर हे हवं तसं निवडता येतं. ऑन/ऑफबद्दल वर केलेली तक्रार तिलाही लागू आहे. योगायोग असा की २०२४ पासून सियाकम इंडियानात आहे, त्यामुळे उरलेला भार पुन्हा त्याच्याच खांद्यावर आला.

वापरण्याच्या दृष्टीने बोलायचं तर साइट लॅपटॉपवरच उघडावी. तक्ते वीस-वीस रकान्यांचे आहेत, फोनवर आडवं सरकवताना कोणता आकडा कोणाचा हे हरवतं. तक्ता सुरुवातीला पन्नास ओळींचा येतो. पानांच्या यादीत 'ऑल' निवडल्याशिवाय बेरजा करू नका. डाउनलोडचं बटण नाही, निवडून कॉपी करून स्प्रेडशीटमध्ये चिकटवावं लागतं. लावलेले फिल्टर पानाच्या पत्त्यात साठवले जातात ही मोठी सोय: एकदा तारखा लावल्या की तो पत्ता बुकमार्क करा, दर वेळी भरायला नकोत. निळ्या आकड्यांवर क्लिक केलं की त्या त्या प्रसंगांचे व्हिडिओ ओळीने लागतात. बॉक्स स्कोअरमधल्या टर्नओव्हरच्या आकड्यावर क्लिक करून सगळे टर्नओव्हर सलग पाहणं, हे एका कॉलेज संघाच्या प्रशिक्षकासाठी सगळ्या प्रगत आकड्यांपेक्षा जास्त कामाचं ठरेल.

बास्केटबॉल रेफरन्स या दुसऱ्या आकडेवारीच्या साइटवरचे रेटिंगचे आकडे इथल्याशी जुळले नाहीत तर घाबरू नका; पझेशन मोजायची पद्धत दोन्हीकडे वेगळी आहे. एकाच तुलनेत दोन साइटचे आकडे मात्र मिसळू नयेत. एकतर्फी सामन्यांतली निरर्थक मिनिटं गाळलेले आकडे हवे असतील तर क्लीनिंग द ग्लास ही साइट आहे, पण तिला वर्गणी पडते. नुसती उत्सुकता असेल तर तो खर्च करू नका.

आपल्याकडच्या संघाला यातलं काय उचलता येईल? फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनी सामना ४० मिनिटांचा, म्हणून २०० खेळाडू-मिनिटं. स्कोअरशीटवरून हुकलेले शॉट, आक्रमक रिबाउंड आणि टर्नओव्हर कळत नाहीत, म्हणून बेंचवर एक मुलगा फक्त या तीन रेघा मारायला बसवा. शॉट अधिक ०.४४ गुणिले फ्री थ्रो, वजा आक्रमक रिबाउंड, अधिक टर्नओव्हर: एवढ्यावर संघाच्या पझेशन्स निघतात. शेवटच्या सात सेकंदांत किती शॉट गेले हे चौथ्या रेघेत धरा. मुख्य गार्ड घोटा मुरगळून तीन आठवडे बाहेर बसला, तर आधीच्या आणि नंतरच्या कागदांवर या चार रेघा शेजारी ठेवून सरावाला काय घ्यायचं ते ठरवता येतं.